फियाटची काच कुठे मिळेल?

इंजिन गेलं म्हणून जुनी मोटार भंगारात दिली, असं आमच्या किनाऱ्यावर फारसं घडत नाही. इंजिन कोणीतरी उघडतो, बोअर करून आणतो, रिंगा बदलतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. गाडी हातची जाते ती मागची काच फुटल्यावर, दाराखालचा पत्रा गंजून भोकं पडल्यावर, नाहीतर समोरच्या काचेचं रबर कडक होऊन पावसाचं पाणी पायांत उतरायला लागल्यावर. ‘पार्ट मिळत नाही’ हे वाक्य प्रत्येक जुन्या गाडीवाल्याच्या तोंडी असतं. पण नेमकं काय मिळत नाही, कशामुळे मिळत नाही आणि काय मिळवता येतं, याचा हिशेब कोणी नीट मांडत नाही. तो मांडला तर दिसतं की यंत्राचे बहुतेक भाग मिळतात किंवा बनवून घेता येतात. खरी टंचाई आहे ती गाडी भंगारात जाताना कोणी राखून ठेवले नाहीत अशा भागांची.

हे मी काशीदहून लिहितो आहे. अलिबागहून दक्षिणेला निघालं, रेवदंड्याच्या खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला, कोर्लई मागे टाकली, की थोड्याच वेळात सुरूची झाडं आणि पांढरी वाळू दिसू लागते. अलिबागपासून अंतर तीसेक किलोमीटर. या पट्ट्यात जुन्या मोटारी वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. काही मूळच्या वाडीवाल्यांच्या घरच्या, काही मुंबईकरांच्या. मुंबईत सोसायटीत उभी करायला जागा नाही आणि आजोबांची गाडी विकवत नाही, म्हणून ती सुट्टीच्या बंगल्यात आणून ठेवलेली. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि अशा गाड्या इकडे आणणं सोपं झालं. आणणं सोपं झालं, टिकवणं मात्र अवघडच राहिलं. खारा वारा, दोन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस आणि गाडीचं महिनोन्‌महिने उभं राहणं, या तिन्हींचा मारा पत्र्यावर, रबरावर आणि ब्रेकवर एकदमच होतो.

सुट्या भागांची ओढाताण आपल्याकडे गाड्या जुन्या झाल्यावर सुरू झाली असं नाही. ती फार आधीपासून आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. शेव्हरोले, ब्यूक अशा अमेरिकन गाड्या तिथून निघाल्या आणि संस्थानिकांपासून डॉक्टर-वकिलांपर्यंत सगळ्यांच्या दारात उभ्या राहिल्या. फोर्डचंही मुंबईत असंच काम चालू होतं. स्वातंत्र्यानंतर नुसत्या जोडणीला परवानगी नको, भाग इथेच बनले पाहिजेत, असं धोरण ठरलं. १९५३ सालच्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ते पक्कं झालं आणि या दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. रस्त्यावरच्या हजारो गाड्या एका झटक्यात पोरक्या झाल्या. आयातीला परवाना लागायचा, तो मिळायचा नाही. मग लेथवर भाग घडवणारा, दुसऱ्या गाडीचा भाग घासून बसवणारा, तुटलेलं कास्टिंग जोडून देणारा मिस्त्री तयार झाला. आज आपण ज्याला जुगाड म्हणून हसतो किंवा कौतुक करतो, त्यामागे सक्तीने मिळालेलं शिक्षण होतं. त्या शिक्षणाचा दर्जा मोठा होता असं मला मनापासून वाटतं.

त्याच धोरणातून मराठी मुलखाची म्हणावी अशी गाडी वर आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ निघाल्या, मग फियाटशी करार झाला. १९५४ ची गोलसर पाठीची फियाट ११०० लोकांनी लगेच ओळखीची करून घेतली आणि तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायला लागले. पुढची दारं उलटी, पुढून मागे उघडणारी. त्यानंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आल्या आणि १९६४ मध्ये चौकोनी अंगाची डिलाइट. याच डिलाइटचं नाव सत्तरीच्या सुरुवातीला प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, मागे पाट्यांची स्प्रिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक. जवळपास चार दशकं हीच गाडी थोड्याफार फरकाने बनत राहिली. भाग शोधणाऱ्याला यापेक्षा मोठं वरदान नाही. १९६८ च्या गाडीला १९८८ च्या गाडीचे कितीतरी भाग जसेच्या तसे बसतात.

आणि टॅक्सी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने फियाटच्या सुट्या भागांचा धंदा कारखाना बंद झाल्यावरही वीसेक वर्षं जगवला. टॅक्सीवाल्याला क्लच प्लेट आज हवी, उद्या नाही. त्यामुळे ती कोणीतरी बनवायचा, कोणीतरी दुकानात ठेवायचा आणि किंमत हाताबाहेर जायची नाही. घरगुती फियाटवाले या व्यवस्थेच्या सावलीत सुखाने राहिले. राज्य सरकारने टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा घातली तेव्हा हजारो गाड्या मोडीत निघाल्या. काही काळ बाजारात भागांचा महापूर आला. दारं, बोनेट, गिअरबॉक्स, दिवे, जे हवं ते पडेल भावात. त्या वेळी ज्यांनी घेऊन ठेवलं ते आज निश्चिंत आहेत. शेवटची नोंदणी झालेल्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला संपली. वर्तमानपत्रांनी हळव्या मथळ्यांनी तिला निरोप दिला. पण त्या दिवशी सुट्या भागांचं रोजचं गिऱ्हाईकही संपलं, हे फारसं कोणी लिहिलं नाही. आता क्लच प्लेट बनवणारा विचारतो, महिन्याला किती जाणार? उत्तर ऐकून तो साचा उचलून ठेवतो.

इतर गाड्यांची गोष्ट थोडक्यात. अँबॅसडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, त्यामुळे तिचे भाग अजून सापडतात. कोलकात्याचा मलिक बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. शिवाय तिचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश बीएमसीच्या ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं एमजीबीचं इंजिन, म्हणून काही भाग आजही इंग्लंडमध्ये नवे बनतात. जीपवाल्याला तर चिंताच नाही. महिंद्राने विलीजचा जुना सांगाडा इतकी वर्षं चालवला की अमेरिकेतले शौकीन आपल्याकडून भाग मागवतात. लँब्रेटा स्कूटरचंही तसंच: इटलीतला कारखाना बंद झाल्यावर यंत्रसामग्री लखनौला आली आणि युरोपची गरज कित्येक वर्षं भारताने भागवली. अवघड दशा आहे ती स्टँडर्ड हेरल्डची. इंजिनचे भाग इंग्लंडहून येतील, कारण मूळची ती ट्रायम्फ. पण चार दारांची हेरल्ड फक्त भारतात निघाली. तिच्या मागच्या दाराची काच जगात दुसरीकडे कुठेच शोधण्यात अर्थ नाही.

आता शोधाच्या प्रत्यक्ष रीतीकडे वळू. पहिली पायरी म्हणजे भाग ओळखणं, आणि इथेच बहुतेकांचे पैसे आणि महिने वाया जातात. दुकानात जाऊन ‘फियाटच्या डायनामोचं बेअरिंग द्या’ म्हटलं तर दुकानदार मान हलवतो. तेच बेअरिंग काढून, रॉकेलने धुऊन, कडेवर भिंग धरलं तर एक आकडा दिसतो. समजा ६२०३. म्हणजे आतला व्यास १७ मिलिमीटर, बाहेरचा ४०, जाडी १२. हे माप जगभर ठरलेलं आहे. त्या बेअरिंगला गाडीची जात नसते. काशीदला नारळी-पोफळीच्या वाड्यांना पाणी देणाऱ्या पंपाच्या मोटरीतही ते असतं आणि पंप दुरुस्त करणाऱ्याच्या खणात दोन-चार पडलेली असतात. गरम होणाऱ्या जागी बसवायचं असेल तर पुढे ‘सी-३’ लिहिलेलं घ्यायचं, कारण त्यात गोळ्यांना फुगायला जरा जास्त मोकळीक असते. ऑइल सीलचंही हेच. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, एवढं सांगितलं की सील मिळतं, मग ते ट्रॅक्टरचं असो की पिठाच्या गिरणीचं. पिस्टन रिंग, स्पार्क प्लग, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, व्हील सिलिंडरचं किट यांतलं बरंच काही अशाच मापाने किंवा दुसऱ्या गाडीच्या नावाने सापडतं. म्हणून मी भेटेल त्याला सांगतो की घरात व्हर्निअर कॅलिपर ठेवा आणि एक वही ठेवा. भाग काढला की माप लिहायचं, आकडा लिहायचा, कुठे मिळाला ते लिहायचं. आपल्याकडे हे ज्ञान मिस्त्रींच्या डोक्यात आहे आणि मिस्त्री म्हातारे झाले आहेत.

यानंतरचा मोठा गट बनवून घ्यायच्या भागांचा. आमच्या फियाटचं ड्रायव्हरकडचं दार लोंबायला लागलं होतं. बंद करताना उचलून ढकलावं लागायचं. बिजागरीच्या पिना खाऱ्या हवेने गंजून झिजलेल्या. पिना घेऊन अलिबागकडच्या एका टर्नरकडे गेलो. त्याने पिन हातात फिरवली आणि विचारलं,

“काका, बिजागरीची पाती आणलीत का?”

“पिन आणलीय की.”

“पिन तर झिजलेली हाय. हिचं माप घेऊन नवी केली तर ती पण झिजलेलीच होईल ना.”

पाती आणून दिल्यावर त्याने पिनचा तो भाग शोधला जो स्थिर पात्यात घट्ट अडकलेला असतो आणि कधी फिरत नाही. तिथे मूळ जाडी शाबूत होती. मायक्रोमीटरने ती घेतली, फिरणाऱ्या पात्याचं भोक किती वाढलंय ते पाहिलं, ते किंचित मोठं करून गोल केलं आणि त्यात गनमेटलचा बुश ठोकला. पिन ईएन-८ पोलादाच्या सळईतून काढली, डोक्याकडे वंगणासाठी बारीक खाच पाडली. ती खाच मूळ पिनेला नव्हती. समुद्रकाठच्या गाडीला ती हवी, हे त्याचं म्हणणं. दार आता एका बोटाने लागतं. अख्ख्या महाराष्ट्रात बिजागरीची पिन शोधत फिरण्यापेक्षा हे काम स्वस्तात आणि मुळापेक्षा सरस झालं. पूर्वी मिनीडोअर रिक्षांची आणि मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे असे कारागीर रेवदंडा, मुरूड, अलिबागला अजून आहेत. त्यांना जुनी मोटार दाखवली तर ते कामाला आनंदाने हात घालतात, हा माझा अनुभव.

टर्नरच्या पलीकडचं, म्हणजे ओतीव काम, असेल तर कोल्हापूर. तिथल्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या काळापासून ओतकामाची परंपरा आहे आणि एक-दोन नग ओतून देणारा माणूस तिथे भेटू शकतो. तुटका पाण्याचा पंप, एग्झॉस्टचा मॅनिफोल्ड अशा गोष्टींना लाकडी नमुना करावा लागतो. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नमुना तेवढा मोठा करायचा. हे त्यांना सांगावं लागत नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात आता भाग स्कॅन करून संगणकावर आकार उतरवून देणारेही झाले आहेत. छापील प्लास्टिकचा नमुना करायचा, तो गाडीला बसवून पाहायचा, मग धातूत ओतायचा. महाग आहे, पण एकदा तो आकार संगणकात उतरला की पुढच्या माणसाचा खर्च निम्म्याहून कमी होतो. फक्त ती फाइल कोणीतरी जपून ठेवायला हवी आणि मागणाऱ्याला द्यायला हवी.

रबराचा हिशेब वेगळा आहे. काचेभोवतीचं रबर, दारांचं बीडिंग, पेडलची टोपणं, इंजिन माउंटिंग. यांना पोलादी साचा लागतो आणि पैसा जातो तो साच्याला; रबराला नव्हे. एका गाडीसाठी साचा परवडत नाही, वीस-पंचवीस गाड्यांसाठी परवडतो. म्हणून रबराच्या बाबतीत एकट्याने शोध घेणं निरर्थक आहे, माणसं जमवावी लागतात. मुंबईत १९१९ पासून असलेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे, व्हिंटेज आणि क्लासिक गाड्यांचे क्लब आहेत, पुण्यात हौशी मंडळींचे गट आहेत. दरवर्षी गाड्या पुसून रॅली निघते, फोटो येतात. याच संस्थांनी वर्षाला एक साचा काढायचा ठरवला तर दहा वर्षांत फियाटच्या रबराचा प्रश्न उरणार नाही. रॅलीपेक्षा हे काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

रबराबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या दुकानात कधी कधी ‘कंपनीचा माल’ निघतो, तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा, डब्यात बंद, कागदही न फाटलेला. धातूचा भाग असेल तर डोळे मिटून घ्यावा. रबराचा असेल तर तिथेच ठेवावा. रबर डब्यातही म्हातारं होतं. ब्रेकचे वायसर तर जुन्या साठ्यातले चुकूनही घेऊ नयेत, मग त्यावर कोणत्याही नामांकित कंपनीचं नाव असो. आणि कोकणात एक पद्धत आहे, पावसाआधी गाडीच्या पोटाला इंजिनचं काळं जळकं ऑइल मारायची. पत्रा थोडा वाचतो हे खरं. पण तेच ऑइल बुशांवर आणि माउंटिंगवर ओघळतं आणि नैसर्गिक रबर तेलाने फुगून लिबलिबीत होतं. पत्रा वाचवताना आपणच नव्या रबराची यादी तयार करत असतो. आधी रबरांवर प्लास्टिक बांधावं, किंवा ऑइल सोडून मेणाचं कोटिंग घ्यावं.

पाणी आणि मीठ यांचं खरं भक्ष्य पत्रा. फियाटला वेगळी चासी नाही. खालचा पत्रा, दाराखालची पेटी आणि छताचे खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. जीपचा पत्रा गंजला तर तो सोडवून नवा चढवता येतो, चासी खाली शाबूत असते. फियाटच्या दाराखालची पेटी आतून सडली तर गाडी मधोमध वाकू लागते, दारं लागेनाशी होतात. ही पेटी बाजारात तयार मिळत नाही. चांगला डेंटर अठरा किंवा वीस गेजचा पत्रा वाकवून ती बनवतो, पण त्यासाठी दुसऱ्या गाडीची शाबूत पेटी नमुन्याला हवी. माझ्या ओळखीच्या एका डेंटरने मोडीत निघालेल्या पद्मिनीची डावी-उजवी पेटी कापून माळ्यावर ठेवली आहे. विकत नाही. तिच्यावरून कागदी नमुने काढतो आणि काम झालं की पुन्हा वर ठेवतो. किनाऱ्यावरच्या किती गाड्यांना त्या दोन गंजक्या तुकड्यांनी आयुष्य दिलं असेल.

आणि काच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं तेव्हा इकडे सुरू, नारळ, आंबे कोसळले, पत्रे उडाले. घरं पुन्हा उभी राहिली. पण त्या दिवशी फांदी पडून मागची काच फुटलेल्या जुन्या गाड्यांतल्या काही अजून ताडपत्रीखाली उभ्या आहेत. काच सपाट असेल तर अडचण नाही. जीपची पुढची काच कुठलाही काचवाला लॅमिनेटेड तावातून कापून देतो. दारांच्या काचा टफन्ड असतात. त्या टफन झाल्यावर कापता येत नाहीत, आधी आकार कापायचा आणि मग भट्टीत घालायचा. पनवेल-मुंबईकडचे कारखाने एखादा नग करून देतात, मापाचा पुठ्ठा मात्र अचूक हवा. वक्र काच हे खरं संकट. तिला आकाराचा साचा लागतो आणि वक्र काचेचे साचे छोटे कारखाने ठेवत नाहीत. काही जण ॲक्रिलिक बसवतात. मागे बसवली तर वर्षभरात ओरखडे पडून धुरकट होते, समोर बसवणं तर जिवाशी खेळ आणि नियमालाही सोडून. वक्र काच मोडीत निघालेल्या गाडीतूनच मिळवावी लागते, आणि मोड घेणारा ती वाचवत नाही. रबर कापून काच काढायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो, काचेला भंगारात भाव शून्य. घणाचा एक घाव सोपा पडतो.

नावाच्या पट्ट्या, दिव्यांच्या रिंगा, दाराच्या कड्या यांचंही तसंच. प्रीमियर प्रेसिडेंट हे नाव जेमतेम दोन-तीन वर्षं चाललं, त्यामुळे तिच्या नावाची पट्टी मिळणं पद्मिनीच्या इंजिनापेक्षा कठीण. हे भाग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे, वर क्रोम. खाऱ्या हवेत आतून फोड येतात आणि पुन्हा प्लेटिंग करताना खड्डे उघडे पडतात. कुशल माणूस आधी तांबं चढवून खड्डे भरतो, घासतो, मग निकेल, मग क्रोम. घाई करणारा थेट निकेलवर जातो आणि पैसे बुडतात.

मग शोधायचं कुठे? मुंबईत नव्या भागांसाठी ऑपेरा हाऊसची दुकानं, वापरलेल्यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, किरकोळ आणि अनपेक्षित वस्तूंसाठी चोर बाजार. पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. या सगळ्या ठिकाणी एक पथ्य पाळावं: हातात जुना भाग असावा. नावं दर दुकानाला बदलतात, वस्तू बदलत नाही. दुकानदार म्हातारा असेल तर बसावं, चहा घ्यावा, घाई करू नये. त्याला माळ्यावर काय आहे हे आठवायला वेळ लागतो आणि तरुण पोऱ्याला ते माहीतच नसतं. तालुक्याच्या गावातली बंद पडायला आलेली ऑटो स्टोअर्सही पाहावीत. पेण, महाड, माणगाव, सावंतवाडी. मुंबईचा माल शौकिनांनी केव्हाच उचलला. गावच्या दुकानात अजून एखादा खोका तसाच असतो.

परदेशचा मार्गही आहे. डिलाइट म्हणजे इटलीच्या ११००-डी ची सख्खी बहीण, आणि इटलीत तिच्या गॅस्केटपासून रबरापर्यंत पुष्कळ काही नव्याने बनतं. पण इटलीतली गाडी डाव्या स्टिअरिंगची. डॅशबोर्ड, वायपरची जोडणी, गिअरच्या दांड्यांची रचना तिकडून घेऊन चालत नाही. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे भाग चालतात. टपालखर्च आणि कस्टम धरलं तर लहानशा रबराची किंमत तिप्पट होते. म्हणून बहुतेक मराठी घरांत खरी आयात होते ती नात्यातून. दिवाळीला येणारी पुतणी बॅगेत गॅस्केटचा सेट टाकून आणते, आणि घरात तिच्या चॉकलेटांपेक्षा त्या पाकिटाची वाट जास्त पाहिली जाते.

आता एक नवी गरज उभी राहिली आहे. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता तेच सर्वत्र आहे. जुन्या इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची पॅकिंगं, रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. त्या फुगतात, तडकतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि आमच्या हवेत ओलीला तोटा नाही. चार महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसतं आणि आतून गंज धरतो. उपाय आहेत. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करावी, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्याव्यात, पडदा व्हिटॉनचा मिळाला तर तोच बसवावा. हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नये, नाहीतर ब्रेक शू ड्रमला चिकटतात; गिअरमध्ये टाकून चाकाला ओंडका लावावा. पंधरा दिवसांनी गाडी फाटकापर्यंत नेऊन आणली तरी व्हील सिलिंडर वाचतात. किनाऱ्यावर सर्वांत स्वस्त सुटा भाग तोच, जो बदलावाच लागला नाही.

कायद्याकडे पाहिलं तर चित्र अर्धवट आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार, नूतनीकरणाला पाच हजार. रोजच्या वापराला ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल यासाठीच रस्त्यावर आणायची. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही, आणि हे योग्यच आहे. यामुळे मूळ भागांना पुन्हा मान मिळाला. पण १९८५ ची पद्मिनी २०३५ पर्यंत या छत्राखाली येत नाही. पंधरा वर्षं उलटली की पुनर्नोंदणी, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीचं ते शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. पुढे वीस वर्षांवरच्या गाड्यांना ते आणखी वाढलं. वीस ते पन्नास या वयाची गाडी सरकारच्या लेखी फक्त जुनी आणि नकोशी. पण उद्याच्या व्हिंटेज गाड्या याच वयातून जाणार आहेत आणि त्यांचे भाग याच काळात नष्ट होतात.

सप्टेंबर २०२१ पासून नोंदणीकृत मोडतोड केंद्रांचे नियम लागू झाले आहेत. गाडी द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं, पैसे लोखंडाच्या वजनावर. प्रदूषणाच्या आणि चोरीच्या गाड्यांच्या दृष्टीने ही व्यवस्था हवीच होती, तिला माझा विरोध नाही. जुन्या भंगारवाल्याला मात्र कशाला गिऱ्हाईक आहे ते माहीत असायचं. तो कार्ब्युरेटर बाजूला काढायचा, दिव्याची रिंग खिळ्याला टांगायचा. वजनाच्या हिशेबात हे बसत नाही. तेव्हा मागणी अशी: तीस वर्षांवरची गाडी केंद्रात आली की दाबयंत्रात घालण्याआधी ठरावीक दिवस ती यार्डात उघडी राहावी आणि क्लबांना तसं कळवलं जावं. ज्याला हवं त्याने येऊन पैसे भरून काढून न्यावं. इंजिन आणि चासीचे क्रमांक केंद्राने आधीच कापून ठेवावेत, म्हणजे गैरवापराची भीती नाही. काढायच्या वस्तूंची यादीही लांब नाही. मागची आणि पुढची वक्र काच, दिव्यांच्या रिंगा, नावाच्या पट्ट्या, दारांच्या कड्या, काच वर-खाली करायची यंत्रं, डॅशबोर्डचे घड्याळी काटे, आणि पत्रा बरा असेल तर दाराखालची पेटी. दोन माणसं हे काम दिवसभरात करतात.